चरित्रकाराने परवानगी कोणाची घ्यावी?

३ सप्टेंबर १८६० या दिवशी इंग्रजी कादंबरीकार चार्ल्स डिकन्सने गॅड्स हिल इथल्या आपल्या घरामागच्या शेतात वीस वर्षांची पत्रं जाळली. टोपल्या भरभरून कागद घरातून बाहेर येत होते. मुलांनी त्या निखाऱ्यांत कांदे भाजून खाल्ले. ही पत्रं डिकन्सने लिहिलेली नव्हती, इतरांनी त्याला लिहिलेली होती. त्या काळचे इंग्लंडमधले कितीतरी मोठे लेखक त्याचे मित्र होते; त्यांचे शब्द त्या दिवशी राख झाले, आणि त्यांना कोणी विचारलंही नव्हतं.

दोन वर्षांपूर्वीच, १८५८ मध्ये, डिकन्स पत्नीपासून जाहीरपणे वेगळा झाला होता. एलन टर्नन ही तरुण नटी त्याच्या आयुष्यात आली होती. तो पंचेचाळिशीचा असताना त्यांची भेट झाली, तेव्हा ती अठरा वर्षांची होती. पुढची तेरा वर्षं, १८७० मध्ये तो मरेपर्यंत, हे नातं टिकलं आणि जवळजवळ संपूर्ण गुप्त राहिलं. त्याचा जिवलग मित्र जॉन फॉर्स्टर याने १८७२ ते १८७४ या काळात त्याचं तीन खंडांचं चरित्र लिहिलं. फॉर्स्टरला सगळं ठाऊक होतं. डिकन्स बारा वर्षांचा असताना बुटाच्या पॉलिशच्या कारखान्यात बरण्यांना लेबलं चिकटवत होता, हे जगाला पहिल्यांदा याच चरित्राने सांगितलं. डिकन्सच्या मुलांनाही ते माहीत नव्हतं. एलनविषयी मात्र फॉर्स्टरने अवाक्षर काढलं नाही. पण चरित्राच्या शेवटी त्याने डिकन्सचं मृत्युपत्र जसंच्या तसं छापलं, आणि त्यातली पहिलीच देणगी आहे एक हजार पौंडांची, मिस एलन लॉलेस टर्नन यांना.

मित्र म्हणून गप्प राहायचं आणि चरित्रकार म्हणून पुरावा नष्ट होऊ द्यायचा नाही, या ओढाताणीत फॉर्स्टरने काढलेली ही वाट मला फार मोलाची वाटते. त्या एका नावापासून शोध सुरू करता आला. डिकन्सची १८६७ सालची खिशात मावणारी डायरी अमेरिकेच्या दौऱ्यात हरवली होती. ती पुढे न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयातल्या एका संग्रहात सापडली. तिच्यात नुसती आद्याक्षरं, गावांच्या नावांची तुटक रूपं आणि गाड्यांच्या वेळा. त्यांतलं एक गाव स्लाउ असावं असा तर्क झाला. स्लाउच्या घरपट्टीच्या नोंदवह्या उघडल्या तेव्हा ट्रिंगहॅम या खोट्या आडनावाने घराचे पैसे भरलेले आढळले. १९९० मध्ये क्लेअर टोमालिन यांनी एलनचं स्वतंत्र चरित्र लिहिलं. डिकन्सच्या मृत्यूनंतर तिने आपलं वय दहा-बारा वर्षांनी कमी सांगितलं, १८७६ मध्ये लग्न केलं, आणि ती १९१४ मध्ये गेल्यावरच तिच्या मुलाला आईचं आधीचं आयुष्य कळलं. ज्या बाईला शंभर वर्षं एका मोठ्या माणसाच्या नावलौकिकासाठी पुसून टाकलं होतं, तिला तिचं आयुष्य परत मिळालं.

फॉर्स्टर डिकन्सच्या मृत्युपत्राचा एक व्यवस्थापक होता. तो कुटुंबाला बांधील होता. टोमालिन पुराव्याला आणि वाचकाला बांधील होत्या. लेखकाच्या चरित्राबद्दल जो सार्वजनिक प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहतो, तो याच फरकाचा आहे. लेखक मेल्यावर त्याच्या पत्रांवर, डायऱ्यांवर, खरडलेल्या मसुद्यांवर शेवटचा शब्द कोणाचा? माझं मत स्पष्ट आहे. काही काळ ते कागद बंद ठेवण्याचा अधिकार लेखकाला आणि त्याच्या माणसांना असावा. पण चरित्र कसं लिहावं, काय उद्धृत करावं, कोणता निष्कर्ष काढावा, यावर नकाराधिकार कोणालाही नसावा, आणि कायद्याने तो मागच्या दाराने तर मुळीच देऊ नये.

असं म्हटलं की लगेच चरित्रकाराची प्रतिमा भिंतीला कान लावून बसलेल्या माणसाची होते. म्हणून त्याचं काम प्रत्यक्षात कसं चालतं ते जरा सविस्तर सांगायला हवं. त्याचा बराचसा वेळ तारखा लावण्यात जातो. लोक पत्रावर नुसतं ‘मंगळवार’ लिहितात. मग पोस्टाचा शिक्का, कागदातली जलखूण, शाईचा रंग, मजकुरात उल्लेख असलेलं नाटक कोणत्या आठवड्यात लागलं होतं, कोणाचा ताप कधी उतरला, असे धागे जुळवत तो मंगळवार नक्की करायचा. तो एक दिवस बदलला की अर्थ बदलतो. कविता भांडणाआधी लिहिली की नंतर, कादंबरीचा शेवट मुलाच्या मृत्यूपूर्वी ठरला होता की त्यानंतर, हे त्या दिवसावर अवलंबून असतं. मग शाळेचे दाखले, कर्जाचे कागद, प्रकाशकांचे हिशेब, दवाखान्याच्या नोंदी, जनगणनेचे तक्ते. लेखकाने स्वतःबद्दल सांगितलेली प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कोणत्या तरी कागदाशी पडताळून पाहायची, कारण लेखक हा स्वतःच्या आयुष्याचा फारसा भरवशाचा साक्षीदार नसतो. आठवणी सांगणारे वृद्ध स्नेही चाळीस वर्षं तीच गोष्ट सांगत आलेले असतात, आणि सांगता सांगता ती घासून गुळगुळीत झालेली असते. त्या गुळगुळीत गोष्टीच्या पलीकडे त्यांना नेमकं काय आठवतं, तिथपर्यंत पोचायला अनेक दुपारी जाव्या लागतात.

लिऑन एडल यांचं कादंबरीकार हेन्री जेम्सचं पाच खंडांचं चरित्र १९५३ ते १९७२ असं एकोणीस वर्षं प्रसिद्ध होत होतं. रिचर्ड एलमन यांनी ‘युलिसिस’कार जेम्स जॉइसचं चरित्र १९५९ मध्ये काढलं आणि १९८२ मध्ये नवा पुरावा घेऊन ते पुन्हा सुधारलं. इतकी वर्षं दुसऱ्याच्या आयुष्यात राहायचं. त्या माणसाचं लेखन इतकं आवडतं म्हणूनच हे शक्य होतं, आणि ते आवडत असूनही त्याच्याविषयी अप्रिय तेही लिहायचं. या कामात जी माया आणि जी कठोरता एकत्र लागते, ती मला साहित्याच्या दुसऱ्या कोणत्याही प्रकारात दिसत नाही. कादंबरीकाराला पात्राचा स्वभाव बदलता येतो. चरित्रकाराला पुराव्यात नसलेला पाऊससुद्धा पाडता येत नाही.

परवानगीने लिहिलेलं चरित्र वाईटच असतं असं मी म्हणत नाही. एलिझाबेथ गॅस्केलने १८५७ मध्ये लिहिलेलं ‘जेन एअर’ची लेखिका शार्लट ब्रॉन्टे हिचं चरित्र याचं उत्तम उदाहरण आहे. शार्लटच्या वडिलांनीच तिला ते लिहायला सांगितलं होतं. ती हॉवर्थला गेली, ब्रुसेल्सला गेली, शार्लटच्या मैत्रिणींकडची शेकडो पत्रं तिने वाचली. ओसाड माळावरच्या त्या घरातल्या तीन बहिणींचं जे चित्र आज आपल्या मनात आहे ते बहुतांशी गॅस्केलचंच आहे. पण ब्रुसेल्समध्ये शार्लटला शिकवणाऱ्या काँस्टँटिन हेजे या शिक्षकाने गॅस्केलला शार्लटच्या त्याला आलेल्या पत्रांतला मजकूर दाखवला होता. विवाहित माणसावर जडलेलं, उत्तराची वाट पाहत झुरणारं प्रेम त्यात होतं. गॅस्केलने ते गाळलं. तिची मैत्रीण नुकतीच गेली होती, वडील आणि नवरा हयात होते. तिच्या जागी मी असतो तर मीही गाळलं असतं. ती पत्रं १९१३ मध्ये ‘द टाइम्स’मध्ये छापली गेली. हेजेने ती फाडून टाकली होती आणि त्याच्या बायकोने तुकडे शिवून ठेवले होते, असं त्यांबद्दल सांगितलं जातं. आज ती ब्रिटिश ग्रंथालयात आहेत.

सत्तावन्न साली गाळणं योग्य होतं, तेरा साली छापणं योग्य होतं. मधल्या छप्पन्न वर्षांत कोणाचा हक्क बुडाला नाही आणि शार्लटची उंचीही कमी झाली नाही. उलट तिच्या कादंबऱ्यांतली एकाकी शिक्षिका आणि तिला न मिळणारी पत्रं कुठून आली, हे वाचकाला उमगलं. हेजेच्या मुलांनी मात्र ‘आमच्या घराची अब्रू’ म्हणून ते तुकडे चुलीत घातले असते तर ते कायमचं गेलं असतं. काही काळ थांबणं आणि कायमचं रोखणं यांत असं अंतर आहे.

घराण्याच्या अब्रूची भीती बहुधा अनाठायीही निघते. जेम्स बॉस्वेलचं उदाहरण घ्या. १७९१ मध्ये त्याने लिहिलेलं कोशकार डॉ. जॉन्सनचं चरित्र आधुनिक साहित्यिक चरित्राचा पाया मानलं जातं. तरी एकोणिसाव्या शतकात त्याची ओळख काय राहिली? मोठ्या माणसाच्या मागे वही घेऊन धावणारा मूर्ख. मॅकॉलेने तर हे मत जोरात मांडून रूढ केलं. बॉस्वेलच्या वंशजांना पूर्वजाची लाज वाटे. त्याच्या दारूच्या, वेश्यांच्या, पश्चात्तापाच्या नोंदी असलेल्या डायऱ्या त्यांनी दडवून ठेवल्या. त्या नष्ट झाल्या असंच अभ्यासक धरून चालले होते. १९२० च्या दशकात डब्लिनजवळच्या मॅलाहाइड किल्ल्यात त्या सापडू लागल्या. अनेक वर्षं नवे नवे गठ्ठे निघत राहिले. पुढे ते सगळं येल विद्यापीठाकडे आलं आणि १९५० मध्ये त्याची लंडनची डायरी प्रसिद्ध झाली. त्या कागदांतून मूर्ख बाहेर आला नाही. संभाषण ऐकून त्याच रात्री टिपणारा, टिपणावरून प्रसंग रचणारा, पुन्हा पुन्हा तपासणारा कारागीर बाहेर आला. वंशजांनी ज्याची अब्रू राखायला कागद दडवले, त्याची खरी अब्रू त्या कागदांतच होती.

विसाव्या शतकात नकाराधिकाराला नवं हत्यार मिळालं, ते कॉपीराइटचं. पत्राचा कागद ज्याला ते आलं त्याच्या मालकीचा असतो, पण त्यातल्या शब्दांवरचा हक्क लिहिणाऱ्याकडे आणि त्याच्यानंतर वारसांकडे राहतो. मूळ हेतू साधा आहे. कोणी परस्पर पत्रसंग्रह छापून पैसे कमवू नयेत. पण त्याचा वापर चरित्रकाराचं तोंड बंद करायला होऊ लागला. इयन हॅमिल्टनने ‘द कॅचर इन द राय’चा लेखक जे. डी. सॅलिंजर याचं चरित्र लिहिताना विद्यापीठांच्या ग्रंथालयांत ठेवलेली त्याची पत्रं उद्धृत केली. सॅलिंजर न्यायालयात गेला आणि १९८७ मध्ये अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने पुस्तक रोखलं. हॅमिल्टनला पुढच्या वर्षी वेगळंच पुस्तक काढावं लागलं. सॅलिंजर जिवंत होता, एकांतप्रिय होता, त्याच्या बाजूने सहानुभूती वाटते. पण निकालाचा धसका असा पसरला की प्रकाशक अप्रकाशित पत्रांतली एक ओळही छापायला घाबरू लागले. शेवटी १९९२ मध्ये अमेरिकी संसदेने कायद्यात वाक्य घातलं, की मजकूर अप्रकाशित आहे एवढ्यावरून त्याचा न्याय्य वापर, म्हणजे परवानगीविना मर्यादित भाग उद्धृत करणं, नाकारता येणार नाही.

जॉइसच्या नातवाने तर हद्दच केली. स्टीफन जॉइस यांनी १९८८ मध्ये व्हेनिस इथल्या अभ्यासकांच्या संमेलनात जाहीर केलं, की लुसियाने लिहिलेली पत्रं आपण नष्ट केली आहेत. लुसिया ही जेम्स जॉइसची मुलगी. नर्तिका होती, पुढे तिचं उरलेलं बहुतेक आयुष्य मनोरुग्णालयांत गेलं. कॅरल श्लॉस यांनी तिचं चरित्र लिहिलं तेव्हा दाव्याच्या भीतीने प्रकाशकाने त्यातली अवतरणं काढायला लावली. मग समीक्षकांनी म्हटलं, की लेखिकेच्या विधानांना पुरेसा आधार दिसत नाही! आधार होता, तो छापू दिला नव्हता. श्लॉस यांनी २००६ मध्ये उलट दावा लावला. तडजोड झाली, गाळलेला मजकूर त्यांना प्रसिद्ध करता आला, आणि जॉइसच्या वारसांना श्लॉस यांच्या वकिलांच्या खर्चापोटी दोन लाख चाळीस हजार डॉलर द्यावे लागले. पण नष्ट झालेली पत्रं त्या पैशाने परत आली नाहीत. लुसिया स्वतःविषयी काय म्हणत होती ते आता कोणालाच कळणार नाही. तिच्याबद्दल बोलायला तिचा बाप आहे, डॉक्टर आहेत, भाचा आहे. ती नाही.

आता यावरचा सगळ्यात अवघड आक्षेप. पत्रं दोन माणसांची असतात. लेखकाने प्रसिद्धी निवडली असेल, त्याच्या मैत्रिणीने, सोडून दिलेल्या बायकोने, मुलीने निवडलेली नसते. चरित्रकार ज्याला सत्य म्हणतो ते त्यांच्यासाठी चव्हाट्यावर येणं असतं. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. त्यावरचा उपाय मात्र जाळणं नाही, मुदत आहे. कवी टी. एस. एलियटने आपली मैत्रीण एमिली हेल हिला लिहिलेली ११३१ पत्रं तिने प्रिन्स्टन विद्यापीठाला दिली. दोघांतलं मागे राहील त्याच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षांनी ती उघडावीत, अशी अट होती. एलियट १९६५ मध्ये गेला, हेल १९६९ मध्ये. २ जानेवारी २०२० रोजी खोकी उघडली. एलियटला हे ठाऊक होतं, म्हणून त्याने आपलं म्हणणं लिहून ठेवलं होतं आणि तेही त्याच दिवशी प्रसिद्ध झालं. आपलं प्रेम हेलवर नव्हे, तरुणपणी तिच्यावर केलेल्या प्रेमाच्या आठवणीवर होतं, असं ते निवेदन सांगतं. पत्रं वेगळंच सांगतात. दोन्ही वाचकासमोर आहेत. ज्यांना दुखावलं गेलं असतं ती माणसं राहिली नव्हती, आणि इतिहासाचंही नुकसान झालं नाही. फक्त हेलची पत्रं त्यात नाहीत, कारण एलियटने ती जाळायला लावली. त्यामुळे या संवादात आजही तिचा आवाज आपल्याला त्याच्या उत्तरांवरून ओळखावा लागतो. गुप्ततेच्या नावाने जेव्हा कागद नष्ट केले जातात तेव्हा बहुतेक वेळा दुबळ्या बाजूचे शब्द आधी जातात, हे लुसिया आणि एमिली या दोघींच्या बाबतीत दिसतं. तिसऱ्या व्यक्तीचं रक्षण हा मुद्दा वारस जितक्या सहजपणे वापरतात, तितका तो त्यांच्या बाजूचा नाही.

दुसरा आक्षेप मला तितका वजनदार वाटत नाही. लेखन वाचा, लेखकाशी काय करायचंय, असं म्हटलं जातं. ज्याला तसं वाचायचं आहे त्याने जरूर वाचावं, कविता त्याने उणी होत नाही. पण हे म्हणणारे लोक काफ्काच्या कादंबऱ्या वाचतात त्या त्याचा मित्र मॅक्स ब्रोड याने त्याची इच्छा मोडल्यामुळे. सगळं जाळ, असं काफ्काने ब्रोडला लिहून ठेवलं होतं. ब्रोडने ते न जाळता छापलं, आणि १९३७ मध्ये काफ्काचं पहिलं चरित्रही त्यानेच लिहिलं. कोणते कागद ‘साहित्य’ आणि कोणते ‘खासगी’ ही रेघ लेखकाच्या मृत्यूच्या दिवशी कोणी ओढू शकत नाही. काफ्काच्या डायऱ्या आज त्याच्या कथांइतक्याच वाचल्या जातात.

इंग्रजी कवी फिलिप लार्किनचं काय, असं विचारलं जाईल. १९८५ मध्ये तो गेला तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे त्याच्या डायऱ्यांचे यंत्रात तुकडे करण्यात आले. तरीही पत्रं उरली. १९९२ मध्ये पत्रसंग्रह आला, पुढच्या वर्षी अँड्र्यू मोशनचं चरित्र आलं, आणि त्यातला वंशद्वेष, बायकांविषयीचा तुच्छभाव वाचून वाचक हादरले. त्याच्या नावाला धक्का बसला हे खरं. बसायलाच हवा होता. त्याच्या कविता आजही वाचल्या जातात, फक्त तो कोण होता हे माहीत असलेल्या वाचकाकडून. हे ज्ञान वाचकापासून लपवून कवीला वाचवावं, अशी मागणी मला कवितेचाही अपमान वाटते. इतकी तकलादू असते का ती?

मराठीत तर हा प्रश्न अधिक जवळचा असायला हवा, कारण आपल्या गद्याच्या आरंभीच्या ग्रंथांत चरित्र अग्रभागी आहे. म्हाइंभटाने तेराव्या शतकात चक्रधरांच्या लीळा गोळा केल्या त्या ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांना विचारून. नागदेवाचार्यांकडून खातरजमा करून घेतली. मूळ पोथी धामधुमीत हरवल्यावर ज्यांना ती पाठ होती त्यांच्या तोंडून ती पुन्हा उभी केली गेली, आणि पाठ जुळले नाहीत तिथे कोणाचा पाठ कोणता हे नोंदवलं गेलं. गुरूला देव मानणाऱ्यांनी लिहिलेलं चरित्र, आणि तरी साक्षीदारांतला मतभेद पुसायचा नाही ही शिस्त! सातशे वर्षांपूर्वीच्या या मंडळींना पुराव्याची जेवढी चाड होती तेवढी आपल्या गौरवग्रंथांत क्वचित दिसते. तिथे लेखकाची गरिबी असते, सत्कार असतात, दिलदारपणाचे किस्से असतात. प्रकाशकाशी बिनसलं का, दहा वर्षं लेखन का थांबलं, घरात कोण कोणाशी बोलत नव्हतं, याची पानं कोरी.

घरच्या माणसाने ठरवलं तर किती होऊ शकतं, हे लक्ष्मीबाई टिळकांनी दाखवलं आहे. रेव्हरंड टिळकांच्या चरित्रासाठी मुलाने आईकडे आठवणी मागितल्या, आणि त्यातून ‘स्मृतिचित्रे’ उभं राहिलं. नवऱ्याचा शीघ्रकोप, घरातलं सगळं वाटून टाकण्याची लहर, धर्मांतरानंतरची ताटातूट, यातलं काहीच त्यांनी झाकलं नाही. टिळकांवरचं प्रेम तरी पानोपान दिसतं. म्हणजे माझं भांडण कुटुंबाशी नाही. सुनीताबाई देशपांड्यांनी जी. ए. कुलकर्णींना लिहिलेली पत्रं वाचकांसाठी खुली केली, जी.एं.ची पत्रंही खंडशः प्रसिद्ध झाली, त्यामुळे काळ्या चष्म्याआडच्या त्या माणसाच्या वाचनाचा आणि मनाचा पसारा आपल्याला दिसला. पण हे सगळं व्यक्तीच्या औदार्यावर अवलंबून राहिलं. उलट केशवसुतांसारख्या कवीच्या जन्मतारखेवरही अभ्यासकांत एकमत नाही; मार्च १८६६ की ऑक्टोबर १८६६, हा वाद अजून चालतो.

आणि आपला कायदा काय म्हणतो? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं त्याच्या लेखनावर वारसांचा हक्क असतो. १९९२ पर्यंत ही मुदत पन्नास होती. पण जे लेखन लेखकाच्या हयातीत प्रसिद्धच झालं नाही त्याची साठ वर्षं मोजली जातात ते प्रसिद्ध झाल्यापासून. म्हणजे न छापलेल्या पत्रावरचा हक्क ते छापलं जाईपर्यंत संपतच नाही. एक सवलत आहे. सार्वजनिक ग्रंथालयात, संग्रहालयात किंवा लोकांना खुल्या असलेल्या संस्थेत ठेवलेलं अप्रकाशित लेखन, लेखकाच्या मृत्यूला साठ वर्षं झाल्यावर, संशोधनासाठी किंवा प्रसिद्ध करण्यासाठी उतरवून घेता येतं. याचा व्यवहारातला अर्थ असा की तेच पत्र ग्रंथालयात असेल तर एक दिवस मोकळं होतं, आणि घरच्या कपाटात असेल तर होत नाही. ब्रिटनमध्येही असाच विचित्र नियम आहे. १९६९ पूर्वी वारलेल्या माणसाचं १९८९ पर्यंत अप्रकाशित राहिलेलं लेखन २०३९ संपेपर्यंत संरक्षित राहतं, मग ते अठराव्या शतकातलं का असेना.

हे बदलायला हवं. अप्रकाशित पत्रांनाही मृत्यूपासूनच मुदत मोजावी, कागद कुठेही असोत. त्या मुदतीच्या आतही, चरित्र आणि समीक्षेसाठी पत्रातला वाजवी भाग उद्धृत करायला वारसांची परवानगी लागणार नाही, असं कायद्यात नि:संदिग्धपणे लिहावं. याच्या बदल्यात चरित्रकारावरही जबाबदाऱ्या हव्यात, आणि त्या मी हलक्या मानत नाही. प्रत्येक विधान कशाच्या आधारावर केलं ते दाखवलं पाहिजे. जे माहीत आहे आणि ज्याचा अंदाज आहे ते वाचकाला वेगळं ओळखू आलं पाहिजे. ज्या हयात माणसांबद्दल लिहिलं त्यांना छापण्याआधी मजकूर दाखवून त्यांचं म्हणणं घेतलं पाहिजे, पटो वा न पटो. वारसांनी दिलेल्या कागदांच्या मोबदल्यात काही गाळायचं कबूल केलं असेल तर तेही प्रस्तावनेत सांगितलं पाहिजे. अशी दहा-पंधरा वर्षांची मेहनत मानधनाच्या चार पैशांवर होत नाही, तेव्हा विद्यापीठांनी आणि साहित्यसंस्थांनी स्मरणिकांवर खर्च होणाऱ्या पैशातला वाटा अशा कामाला द्यावा.

कायदा बदलेपर्यंत थांबायचंही कारण नाही. आज हयात असलेल्या कोणत्याही लेखकाला मृत्युपत्रात तीन गोष्टी लिहिता येतात: माझे कागद अमुक ग्रंथालयाला जावेत, अमुक वर्षापर्यंत बंद राहावेत, आणि त्यानंतर ते उद्धृत करायला कोणाची परवानगी लागू नये. त्यात ईमेल आणि संगणकातल्या मसुद्यांचा वेगळा उल्लेख हवा, कारण आताची पत्रं तिथेच आहेत आणि पासवर्ड कोणालाच माहीत नसेल तर ती शेतात न नेताही नाहीशी होतात. भाषा नेमकी हवी. लार्किनच्या मृत्युपत्रात एक कलम सगळं अप्रकाशित लेखन न वाचता नष्ट करा म्हणत होतं आणि दुसरं विश्वस्तांना ते छापण्याची मुभा देत होतं. वकिलांचा सल्ला घेऊन विश्वस्तांनी कागद राखले, म्हणून आज त्याच्याबद्दल एवढं तरी बोलता येतं.